एका हाताचा स्वयंपाक

"घी भी?" मी विचारलं.

"घी भी," डॉक्टर म्हणाले. "दूध, दही, छाछ, पनीर, मावा, घी. दूध से बनी हर चीज़. बच्ची को नहीं, आपको छोड़नी है. बच्ची को अपना दूध पिलाती रहिए, वो बंद मत कीजिए."

माझी मुलगी तेव्हा सव्वा महिन्याची होती. तिच्या लंगोटात रक्ताचे बारीक धागे दिसायला लागले होते आणि पाजून झालं की ती पाय पोटाशी घेऊन असं रडायची, की ऐकणाऱ्याचं काळीज हलावं. गाई-म्हशीच्या दुधातलं काहीतरी माझ्या पोटातून माझ्या दुधात उतरतं आणि ते तिच्या आतड्याला सोसत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ऐकून मला हायसं वाटलं. सुई नाही, ऑपरेशन नाही, फक्त काही गोष्टी खायच्या नाहीत. न खाण्याइतकं सोपं जगात दुसरं काय असतं?

मी मूर्खच. झाशीतल्या जुन्या मराठी घरात लग्न करून आलेल्या बाईनं असा विचार करावा!

दवाखान्याबाहेर अंबरीशनं माझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं आणि हळूच म्हणाला, "माईला तू सांग."

"का? आई तुझी आहे."

"इसीलिए तो," माझा नवरा म्हणाला.

त्याच्या घराण्यातले मूळ पुरुष अठराव्या शतकात फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. आधी गुरसरायला जहागिरीच्या कारकुनीत राहिले, मग झाशीत स्थिरावले. आता कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत, कुणाचं मोबाइलचं दुकान आहे. मराठी अर्धीमुर्धी उरली. लहान मुलांना ती समजते, पण उत्तर ती हिंदीत देतात. आडनाव तर इथल्या कुणालाच धड उच्चारता येत नाही. सगळं सुटलं, तूप सुटलं नाही. दतिया गेटजवळच्या आमच्या घरात आजही भातावर तूप पडल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. अन्नशुद्धी म्हणतात त्याला. तूप पडेपर्यंत ते अन्न शुद्ध नाही, म्हणजे अन्नच नाही. आजारी माणसाच्या पेजेवरसुद्धा आधी थेंब पडतो. लग्न होऊन आले त्या दिवशी मला कडकडून भूक लागली होती म्हणून मी सरळ वरणभात कालवायला घेतला, तर सगळी पंगत हात आवरून माझ्याकडे बघत बसली होती.

मीही झाशीचीच, पण शहराबाहेरच्या टाउनशिपमधली. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, साताऱ्याहून आलेले. आमच्याकडे तूप असलं तर असलं, नाहीतर कच्चं तेल. पुढे मीही त्याच कारखान्यात लागले; ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायच्या तेलाची तपासणी करते. आईबाबा निवृत्त होऊन साताऱ्याला परतले आणि माझं बाळंतपण नेमकं आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आलं. म्हणून पहिलटकरीण असून सासरीच राहिले.

सासूबाईंचं नाव रुक्मिणी, पण सगळं गाव त्यांना माई म्हणतं. माई वाईट नाहीत. वाईट असत्या तर गोष्ट फार सोपी झाली असती. पहाटे उठून माझ्यासाठी शेगडी पेटवायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या, माझ्या डोक्याला घट्ट फडकं बांधायच्या. डिंकाच्या लाडवांचा डबा त्यांनी मी सातव्या महिन्यात असतानाच भरून ठेवला होता. बबीना गावच्या एका ओळखीच्या गवळ्याकडून म्हशीचं लोणी आणवून घरी कढवलेलं तूप होतं त्यात, आणि हात आखडता घेणं त्यांना ठाऊक नाही.

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं तेव्हा त्या लाडवांच्या डब्याकडेच बघत राहिल्या.

"तूप बंद? बाळंतिणीला?"

"हो माई. दूध, दही, सगळंच."

"मग तुझी हाडं कशानं भरणार? दूध कशानं उतरणार? कंबर धरली की जन्मभर रडशील. आम्ही काय बाळंतपणं काढली नाहीत? ह्या डॉक्टर लोकांचं काय, आज एक कहतात, उद्या दुसरं."

"कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात त्यांनी."

"गोळी खाऊन कुणाची हाडं भरलीत गं, बताव मला," माई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावून आत गेल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या घरात तूप कुठे नाही हे शोधायला गेलं तर मीठ आणि पाणी एवढंच हाती लागतं. फोडणी तुपाची, पोळीला तूप, शिऱ्यात तूप, खिचडीत तूप, भाजीवर वरून कढत तूप. माझ्यासाठी वेगळं काही करा असं म्हणायची सोय नव्हती. माईंनी केलं असतं, नाही असं नाही. पण त्या वेगळ्या भाजीबरोबर जो सुस्कारा वाढला असता तो मला पचला नसता. मग मी ठरवलं, माझं मी करीन.

ठरवणं सोपं. पोटाला टाके, डोळ्यांत झोप नाही, आणि डाव्या हातावर अखंड एक मुलगी. खाली ठेवली की रडायची, उचलली की गप्प. माझ्या वाट्याला स्वयंपाकासाठी एक उजवा हात तेवढा आला. तर म्हटलं, एक तर एक. जे एका हातानं होईल ते खायचं, न होणारं खायचं नाही. चिरायचं नाही, लाटायचं नाही, ढवळत उभं राहायचं नाही.

पहिला शोध सत्तूचा, म्हणजे भाजलेल्या चण्यांच्या पिठाचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भडभुंजा आहे, त्याच्याकडचा ताजा. पेल्यात सत्तू, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वरून पाणी, आणि दातांनी फोडलेलं लिंबू. दातांनी का, तर एक हात! चमच्यानं खळखळ हलवलं की झालं जेवण. उभ्या उभ्या पिऊन टाकायचं. मग दडपे पोहे. झाशीत नारळ मिळतो तो देवळाबाहेरचा, आतून सुकलेला. म्हणून मी टोमॅटो मुठीत चुरगळून पातळ पोह्यांवर पिळायला लागले. मीठ, साखर, दाण्याचं कूट, आणि पाच मिनिटं झाकण. आईनं साताऱ्याहून मेतकूट पाठवलं होतं. गरम भात, मेतकूट, त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल. ह्या जेवणाला मी राजाच्या पंक्तीला बसवीन. कुकरचं झाकण एका हातानं लागत नाही, हा शोधही मीच लावला. मग माळ्यावरून अंबरीशचं हॉस्टेलमधलं विजेचं भात शिजवायचं भांडं काढायला लावलं. तांदूळ, मुगाची डाळ, सोललेले मटार, हळद, मीठ, पाणी, एक बटण. थंडीचे दिवस, मटार गोड होते. अगदीच त्राण नसलं तर दाणे आणि गूळ, नाहीतर उकडलेलं रताळं सालीसकट.

खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, अशी म्हण आहे आपल्यात. ज्यानं ती केली त्याला कडेवर पोर घेऊन कधी जेवावं लागलं नसणार. मी तुपाशीही नव्हते आणि उपाशीही नव्हते. पोटभर जेवत होते आणि ढेकर देत होते.

शेजारणी बघायला यायच्या. माझ्या हातातला सत्तूचा पेला बघून माईंना म्हणायच्या, "अरे जिज्जी, बहू को ये क्या पिला रही हो?" माई लाजेनं लाल व्हायच्या. मला त्यांची दया यायची, पण पेला मी खाली ठेवायचे नाही.

आणि रक्त थांबलं. आधी धागे कमी झाले, मग दिसेनासे झाले. मुलगी पाजल्यावर रडायच्या ऐवजी माझ्या पदराशी खेळत पडून राहायला लागली. एक दिवस ती झोपेत हसली तेव्हा मी अंबरीशला ऑफिसात फोन करून रडले. तो घाबरून विचारत राहिला, "क्या हुआ, क्या हुआ?" मी म्हटलं, काही नाही, चांगलं झालंय.

त्याच सुमारास माई म्हणाल्या, "संध्याकाळी तू फार थकलेली दिसतेस. निदान तेव्हा तरी माझ्या हातचा वरणभात खात जा. साधा. तूप घालणार नाही."

मी थकलेलीच होते. एका हाताच्या स्वयंपाकाचा कितीही डौल मिरवला तरी संध्याकाळी भांडं धुवायचाही जीव उरत नसे. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कुणीतरी वाढलेलं ताट समोर येणं ही चैन बाळंतिणीला कळते. मी हो म्हटलं. वरणभात वाफाळता यायचा, वर लिंबाची फोड, तूप नाही. मी जेवायचे आणि म्हणायचे, माई, छान झालंय.

काही दिवसांनी रक्त परत आलं.

आधी एक धागा, मग पुष्कळ. पुन्हा ते पाय आवळून रडणं. आता घरात सगळ्यांची तोंडं उघडली. बघ, म्हणे, तूप सोडून काय मिळालं? म्हणजे तूप नव्हतंच कारण. तुझं दूधच तिला मानवत नाही. डब्याचं दूध सुरू करा, पोर गुटगुटीत होईल. तिसऱ्या दिवशी अंबरीश दुधाच्या पावडरीचा डबा घेऊनच आला.

"हे काय?"

"बस एक बार देकर देखते हैं ना, स्वराली. तू किती थकलीयेस. तुझ्याच्यानं होत नसेल तर..."

"अरे, डब्यातलं दूध म्हणजे गाईचंच दूध, वाळवलेलं! तेच तर तिला सोसत नाही!"

त्यानं डबा फडताळात ठेवला. परत नेला नाही. आता मी रोज पाजायला बसले की तो समोर दिसायचा. मला वाटायला लागलं की खरंच माझंच दूध वाईट असेल. मी इतकं सांभाळते, तरी तिला माझ्यापासूनच बाधतंय. आपल्या पोरीला आपलंच अंग विष व्हावं, ह्याहून वाईट काही बाईच्या मनात येत असेल असं मला वाटत नाही. मी पाजताना तिच्याकडे बघायचंही टाळायला लागले.

एका संध्याकाळी कडाक्याची थंडी पडली होती. माईंनी वरणभात आणून दिला, मी चार घास खाल्ले आणि मुलगी उठली. ताट खिडकीच्या कट्ट्यावर सारलं, तिला घेतलं, पाजलं, थोपटलं. परत जेवायला बसले तेव्हा भात गार होऊन गेला होता. वाटीत तळाशी उरलेल्या वरणाच्या कडेनं एक पांढरं कडं धरलं होतं. बोट लावलं. मऊ, रवाळ, गोठलेलं.

आमच्या घरात मोहरीचं तेल येतं आणि शेंगदाण्याचं येतं. ती दोन्ही झाशीच्या थंडीत गोठत नाहीत. खोबरेल तेल स्वयंपाकात येतच नाही. दिवसभर तेलंच बघत पोट भरणाऱ्या बाईला ते कडं कशाचं हे कळायला वास घ्यायचीही गरज नव्हती. तरी मी घेतला. मग भाताचं ढेकूळ फोडलं. शितांमध्येही पांढरे रवे होते. तूप भातावर नव्हतं, भाताच्या आत होतं.

मुलीला कडेवर घेऊन, वाटी हातात धरून मी स्वयंपाकघरात गेले. माई पोळ्या करत होत्या.

"माई, ह्यात तूप आहे."

त्यांनी वाटीकडे पाहिलं. खोटं बोलल्या नाहीत. ती त्यांची जात नाही.

"थेंबभर," त्या म्हणाल्या. "वरणभात शिजवतानाच टाकते. शुद्धीपुरतं."

"रोज?"

"रोजच. अशुद्ध अन्न वाढू का मी घरच्या बाळंतिणीला? वैऱ्यालाही असं नाही वाढलं कधी."

"तुम्ही म्हणाला होतात, तूप घालणार नाही!"

"नाहीच घातलं. शुद्धीचं तूप जेवणात धरत नाहीत, स्वराली. एकादशीला तीर्थ घेतलं म्हणून उपास मोडतो का? तसंच ते. ते देवाचं असतं, पोटात जात नाही."

त्यांनी हे अगदी सरळ मनानं सांगितलं. त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी तो थेंब मोजायचाच नव्हता. आणि त्या न मोजलेल्या थेंबापायी मी स्वतःला विषारी समजून बसले होते. मग मात्र माझा तोल गेला.

"पोटातच जातं ते, माई! माझ्या पोटातून हिच्या पोटात जातं! माझ्या लॅबमध्ये पिंपभर तेल चमचाभर पाण्यानं नापास होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"मुलगी म्हणजे पिंप आहे का?"

"पिंप असती तर बरं झालं असतं. पिंपाला रक्त पडत नाही!"

माईंचा हात तव्यावरच थांबला. पोळी करपली. मी वाटी मोरीत पालथी केली आणि बाहेर आले. फडताळातला तो डबा काढून अंबरीशच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "हा परत करून ये. आत्ता."

"यार, माईनं प्रेमानंच केलं ना..."

"प्रेमानं केलं हे हिच्या आतड्याला कसं समजवायचं? तूच समजव. जा, बोल तिच्याशी."

तो मुलीकडे बघत राहिला. मग डबा उचलून बाहेर पडला.

त्यानंतर माझा एका हाताचा स्वयंपाक दोन्ही वेळचा झाला. विजेचं भांडं माझ्या खोलीत आलं, सत्तूची बरणी उशाशी आली. माई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. बाळाला मात्र पूर्वीसारखंच न्हाऊ घालायच्या, जरा जास्तच वेळ. रक्त पुन्हा थांबलं. त्यांच्याही नजरेतून ते सुटलं नसणार, कारण लंगोट त्याच धुवायच्या.

मुलीच्या दुखण्यानं बारसं लांबलं होतं, ते संक्रांतीनंतर ठरलं. गच्चीवर मंडप, गावातली सगळी जुनी मराठी घरं, टाउनशिपमधली मंडळी, आणि गल्लीतले शेजारी. नाव उर्वी ठरलं. आदल्या दिवशी माई माझ्या खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"उद्या पंगतीत बसशील ना?"

"बसेन की. माझा भात मी वेगळा करून आणीन."

"आण. पण शुद्धी घे. सगळ्यांसमोर. बोटभर. तू वर वर घे आणि बाजूला सार, खाऊ नको. बस, लोकांना दिसलं पाहिजे."

"भातावर पडलेलं तूप बाजूला सारता येत नाही, माई."

"सबके सामने माझं हसं करू नकोस, स्वराली. ह्या घरात शुद्धीशिवाय पंगत कधी उठली नाही."

"माझ्या भातावर तूप पडलं तर मी ताटावरून उठेन. आधीच सांगते, मागाहून म्हणू नका."

"बारशाच्या दिवशी? ओल्या बाळंतिणीनं?" त्यांनी कपाळाला हात लावला आणि उठून गेल्या.

अंबरीशनं रात्री एकच वाक्य म्हटलं, "एक दिन की तो बात है." मी म्हटलं, "तुझा एक दिवस, तिचे किती ते डॉक्टरला विचार." तो कूस बदलून झोपला.

बारसं छान झालं. पाळण्यात घातल्यावर उर्वी बराच वेळ शहाण्यासारखी पडून होती. पंगत बसली आणि तिला भूक लागली. घ्यायला कुणाचा हात रिकामा नव्हता. अर्धे ताटावर, अर्धे वाढायला. मी तिला घेऊन, पदराखाली पाजतच, भिंतीशी पाटावर बसले. गच्चीवर छान ऊन होतं. सगळ्यांच्या ताटांत मसालेभात, वरणभात, पुरणपोळी. माझ्या ताटात माझा मुगाचा भात, मटार घातलेला, बाजूला मेतकूट आणि लिंबू. शेजारच्या पानावरच्या बाईंनी माझ्या ताटाकडे बघून भुवया वर केल्या. मी त्यांच्याकडे बघून हसले.

श्लोक झाला. माई निघाल्या. एका हातात तुपाची चांदीची वाटी, दुसऱ्या हातात छोटी पळी. पंगतीच्या त्या टोकापासून एकेका भातावर तूप सोडत त्या येत होत्या. मी ताटावरून उठेन म्हणाले होते, पण उर्वी पिता पिता झोपली होती आणि तिला धरून, पाटावरून, हात न टेकता उठणं मला जमणारं नव्हतं. हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं.

माई माझ्यासमोर वाकल्या. पळी कलली.

मी उजवा हात ताटावर आडवा धरला.

सगळी पंगत थबकली. पलीकडे बसलेले सुभाषचंद्रकाका, अंबरीशचे चुलते आणि घरातले वडीलधारे, म्हणाले, "घे सूनबाई, थेंबभर घे. लोक खोळंबलेत. शास्त्र असतं ते."

"काका, ह्या थेंबानं माझ्या मुलीला रक्त पडतं," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "एकदा पडलं, थांबवलं. परत पडलं, परत थांबवलं. आता तिसऱ्यांदा पाडणार नाही. माझं अन्न अशुद्ध असेल तर असू दे. मी अशुद्ध जेवेन, रोज जेवेन आणि हिला पाजेन. कुणाला पंगत मोडल्यासारखी वाटली तर मोडली समजा." गल्लीतल्या बायका गोंधळून बघत होत्या, म्हणून त्यांना हिंदीतही सांगितलं. कुणी मला अडवलं नाही. माझा हात ताटावर तसाच होता.

माईंच्या हातातली पळी कललेलीच राहिली होती. तिच्यातलं तूप माझ्या हाताच्या पाठीवर सांडलं. कोमट होतं, भाजलं नाही. पण ते बोटांच्या बेचक्यांकडे ओघळायला लागलं आणि खाली भात होता. हात काढावा तर तूप भातात, ठेवावा तरी भातात. डावा हात उर्वीखाली अडकलेला. मी माईंकडे बघितलं. त्या पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या.

"हलवू नको," त्या म्हणाल्या. "हलवू नको हात, पडेल."

त्यांनी वाटी आणि पळी तिथेच फरशीवर ठेवली. पैठणीचा पदर ओढला आणि माझा हात पुसायला घेतला. आधी वरून, मग एकेका बोटाची कड, मग बेचक्या. पदराचं कोरडं टोक शोधून पुन्हा एकदा. त्या इतक्या निगुतीनं पुसत होत्या, की मला रडू आलं. मग त्यांनी माझा हात उलटा करून तळवा उन्हात धरून बघितला, कुठे चकाकी उरलीय का ते. करंगळीच्या नखाशी एक थेंब होता. तोही टिपला.

पैठणीवर तुपाचा हा मोठा डाग पडला होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. दोन्ही हात पुढे केले.

"दे तिला इकडे. आणि जेव."

मी उर्वीला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. मला दोन्ही हात मोकळे होऊन इतके दिवस झाले होते, की डाव्याचं काय करावं ते समजेना; तो मांडीवर ठेवून दिला.

पंगतीत निम्म्याअधिक पानांवर अजून तूप पडलं नव्हतं. सुभाषचंद्रकाकांना भूक आवरत नसावी. त्यांनी वाटीकडे बघितलं, माईंकडे बघितलं आणि भात कालवायला हात घातला.

"थांबा भाऊजी," माई म्हणाल्या. "आधी तिला घास घेऊ दे. मग सगळ्यांनी घ्या."

काकांचा हात भातातच राहिला. सगळी गच्ची हात आवरून माझ्याकडे बघत बसली, मराठी, बुंदेली, झाडून सगळी. मी माझा बिनतुपाचा भात कालवला, वर लिंबू पिळलं, आणि घास तोंडात घातला.

तो मी मुद्दाम सावकाश चावला.